दाराशी आलेल्याचे वेतन

आमच्या मंडळीतील एक दांपत्य येत्या उन्हाळ्यात मुलाकडे अमेरिकेस निघाले आहे. गेल्या रविवारी उपासना आटोपल्यावर त्या भगिनींनी मला बाजूला घेऊन एक प्रश्न विचारला. त्यांचा मुलगा व सून दोघेही नोकरीस जातात, त्यामुळे घरी पुष्कळदा बाहेरचे जेवण मागविले जाते. "जेवण घेऊन येणाऱ्या माणसाला तिकडे वर काही द्यावे लागते म्हणे. किती द्यायचे? आणि नाही दिले तर चालते का?" मी एका वाक्यात उत्तर देऊन मोकळा झालो. परंतु घरी परतताना ध्यानात आले की, 'किती' ह्याचे उत्तर मी दिले, 'नाही दिले तर चालते का' ह्याचे दिलेच नाही. आणि विचारण्याजोगा प्रश्न तोच होता.

आज बेळगाव काय, इंदूर काय, बडोदे काय, आपल्या मंडळ्यांत असे कुटुंब विरळाच की ज्यातील कोणी ना कोणी परदेशी नाही. वर्षा-दोन वर्षांनी आईबाप चार-सहा महिने तिकडे राहून येतात. तेव्हा हा प्रश्न थोडक्यांचा राहिलेला नाही, म्हणून तो ह्या पानांतून मांडण्याचे धाडस करतो.

ठरलेल्या मोबदल्यावर काही अधिक देण्यास आपल्या भाषेत शब्दांची वाण नाही. बक्षीस आहे, चहापाणी आहे, खुशाली आहे, दिवाळीचे पोस्त आहे. ह्या सर्वांत एक गोष्ट समान आहे. घेणाऱ्याचा पगार दुसऱ्या कोणीतरी दिलेला असतो, आणि आपण आपल्या आनंदातून त्यावर थोडी भर घालतो. पोस्टमनला सरकार पगार देते. आपण पोस्त दिले नाही तर तो मनातून खट्टू होईल, पण त्याच्या घरची चूल विझणार नाही. टिप म्हटली की आपल्या मनापुढे हेच चित्र उभे राहते, आणि आपण विमानात बसतो ते हेच चित्र बरोबर घेऊन. चुकीची सुरुवात तेथे होते.

माझ्या स्वतःच्या हातून जे घडले ते आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे उंचावरून केल्यासारखे वाटणार नाही. २०२४ च्या जानेवारीत मी व माझी पत्नी न्यू जर्सीत मुलाकडे होतो. त्या दिवशी दुपारपासून बर्फ पडत होते. सूनबाईला ताप होता व मुलगा कामावर अडकला होता, म्हणून तिने मोबाइलवरून रात्रीचे जेवण मागविले. मी शेजारी बसून पाहत होतो. जेवणाची किंमत, त्यावर कर, त्यावर सेवा शुल्क, त्यावर पोचविण्याचे शुल्क, आणि सर्वांच्या शेवटी टिप म्हणून सहा डॉलर. मी मनातल्या मनात त्याचे रुपये केले. पाचशे! "अगं, पोचवण्याचे पैसे वर लावलेच आहेत की. मग हे कशाचे?" ती म्हणाली, "बाबा, इथे द्यावे लागतात." मी म्हणालो, "द्यावेच लागतात ते बक्षीस कसले? एक डॉलर पुष्कळ झाला." तापाने फणफणलेल्या मुलीने सासऱ्याशी वाद काय घालावा? तिने सहाचा एक केला.

पाऊण तासात येणारे जेवण दीड तासाने आले. दार मी उघडले. बाहेर साधारण माझ्याच वयाची एक बाई उभी होती. डोक्यास लोकरीची टोपी, दोन्ही हातांत पिशव्या. मुलाच्या घराला सात पायऱ्या आहेत आणि त्यांवरचा बर्फ त्या दिवशी कोणी काढला नव्हता. तिने पिशव्या माझ्या हाती दिल्या, उशीर झाल्याबद्दल क्षमा मागितली, आणि कठडा धरून एकेक पायरी चाचपत खाली उतरली. जेवण गार झाले होते, त्याबद्दल मी थोडा कुरकुरलोसुद्धा. तेव्हा सूनबाईने सांगितले, "बाबा, एक डॉलर पाहून आधीच्यांनी नाही म्हटलं असेल. ह्या बाईंनी घेतलं." कंपनी त्यांना किती देत असेल, असे मी विचारले. "दोन, फार तर तीन डॉलर," ती म्हणाली. माझी पत्नी काही बोलली नाही. तिने जेवण गरम करून वाढले.

त्यानंतर मी ह्या विषयावर जे मिळेल ते वाचले. अमेरिकेत मोबाइलवरील ॲपमार्फत जेवण पोचविणारा माणूस बहुतेक ठिकाणी कोणाचाही नोकर नसतो. कायद्याच्या भाषेत तो स्वतंत्र कंत्राटदार असतो. त्यामुळे त्याला किमान वेतनाचा कायदा लागू होत नाही, आजारपणाची रजा नाही, आणि मोटार, पेट्रोल, विमा व दुरुस्ती सर्व त्याच्याच खिशातून. डोअरडॅश ही तेथील फार मोठी कंपनी. प्रत्येक फेरीस आपण दोन ते दहा डॉलर वा अधिक मूळ मोबदला देतो, असे ती स्वतःच जाहीर करते. जवळच्या साध्या फेरीस हा आकडा खालच्या टोकालाच राहतो. आता खर्च पाहा. कामासाठी स्वतःची मोटार चालविल्यास तिच्या खर्चापोटी मैलामागे किती रक्कम धरावी, हे अमेरिकेचे आयकर खाते दरवर्षी ठरवून देते. २०२५ साली ती ७० सेंट होती. उपाहारगृहापासून घर पाच मैल दूर असेल तर जाऊन-येऊन दहा मैल, म्हणजे गाडीचाच खर्च सात डॉलर. मिळकत तीन आणि खर्च सात. टिप काढून टाकली तर तो माणूस पदरचे पैसे घालून आपले जेवण आपल्या दारी आणून देतो. बिलावरील सेवा शुल्क व पोचविण्याचे शुल्क कंपनीकडे जाते. पिझ्झा घरपोच देणाऱ्या दुकानांच्या पावत्यांवर तर पोचविण्याचा आकार म्हणजे चालकाची टिप नव्हे, असे छापलेलेच आढळते. मी ते कधी वाचले नव्हते.

आणखी एक गोष्ट आहे, आणि 'टिप' ह्या शब्दाने ती झाकली जाते. उपाहारगृहात टिप जेवणानंतर दिली जाते. ॲपवर ती बहुधा जेवण निघण्याच्या आधीच लिहायची असते, आणि त्या फेरीचे साधारण किती पैसे मिळतील ते चालकाला अगोदर दिसते. मग तो ती फेरी स्वीकारतो अथवा नाकारतो. म्हणजे हे सेवेबद्दलचे पारितोषिक नाही. ही मजुरीची बोली आहे. नाक्यावर उभ्या असलेल्या मजुराला आपण विचारतो, "एवढ्यात येतोस का?" तसेच हे. फरक इतकाच की नाक्यावर तो आपल्या तोंडाकडे पाहून नकार देतो, आणि येथे नकार आपल्यास ऐकूच येत नाही. आपल्यास फक्त गार झालेले जेवण दिसते. २०२३ च्या अखेरीस डोअरडॅशने ग्राहकांना तशी सूचनाच दाखविण्यास आरंभ केला होता की, टिप न लिहिल्यास जेवण येण्यास वेळ लागू शकतो.

दिलेली टिप तरी ज्याची त्यास पोचते काय? पुष्कळदा पोचते, परंतु नेहमी पोचलेली नाही. २०१९ पर्यंत डोअरडॅशची अशी रीत होती की, एका फेरीस ठराविक रकमेची हमी द्यायची आणि ग्राहकाने टिप दिली की कंपनीने आपला वाटा तितका कमी करायचा. ग्राहकास वाटे आपण चालकास दिले. प्रत्यक्षात त्याने कंपनीचा भार हलका केलेला असे. वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर ही रीत बदलली, आणि त्या काळातील प्रकरणाबद्दल २०२५ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क राज्याशी तडजोड करून कंपनीने १ कोटी ६७ लाख ५० हजार डॉलर देण्याचे मान्य केले. अ‍ॅमेझॉनकडूनही चालकांच्या अडकवून ठेवलेल्या टिपांपोटी ६ कोटी १७ लाख डॉलर देण्याचे २०२१ साली तेथील संघराज्याच्या व्यापार आयोगाने मान्य करून घेतले. याकोबाने आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात शेतमजुरांच्या अडकवून ठेवलेल्या मजुरीविषयी धनवानांस जे कठोर शब्द लिहिले आहेत, ते रविवार शाळेत शिकविताना आता उदाहरण शोधत फार मागे जावे लागत नाही.

ही पद्धत आली कोठून? मुळात ती युरोपातील बड्या घरांतील पाहुण्यांची चाल. अमेरिकेतील श्रीमंत मंडळी यादवी युद्धाच्या सुमारास युरोप पाहून आली आणि ती चाल बरोबर घेऊन आली. त्याच वेळी गुलामगिरीतून मुक्त झालेले लाखो कृष्णवर्णीय काम शोधत होते. उपाहारगृहांनी व रेल्वेने त्यांना कामावर घेतले, परंतु पगार नाममात्र किंवा मुळीच नाही. उतारूंनी द्यावे आणि ह्यांनी जगावे. जॉर्ज पुलमन ह्यांच्या कंपनीच्या शयनयानांतील हमाल हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. उतारू त्यांना त्यांच्या नावाने हाक मारीत नसत. मालकाचे नाव जॉर्ज, म्हणून सर्व हमाल 'जॉर्ज'! एका मेथडिस्ट पाळकाचे पुत्र ए. फिलिप रँडॉल्फ ह्यांनी १९२५ साली ह्या हमालांची संघटना उभारली. त्यांची मागणी अशी की, आम्हांस टिपांवर जगवू नका, पगार द्या. बारा वर्षे झगडल्यावर १९३७ साली कंपनीने संघटनेशी करार केला.

टिप हा लोकशाहीस न शोभणारा प्रकार आहे असे म्हणणारे गोरे अमेरिकनही त्या काळी पुष्कळ होते. वॉशिंग्टन राज्याने १९०९ साली टिप देण्या-घेण्यास कायद्यानेच बंदी केली, आणि पुढे आणखी सहा राज्यांनी तसे केले. पण १९२६ पर्यंत ते सर्व कायदे रद्द झाले. आज तेथे उलट स्थिती आहे. ज्यांना टिपा मिळतात अशा नोकरांना मालकाने द्यावयाचे किमान वेतन संघराज्याच्या कायद्याने ताशी २ डॉलर १३ सेंट आहे, आणि तो आकडा १९९१ पासून हललेला नाही. काही राज्यांनी आपल्यापुरते अधिक ठरविले आहे, हेही खरे.

हे वाचताना मला आपले बलुते आठवले. आपल्यापैकी अनेकांच्या पणजोबांनी ते मागितलेले आहे, म्हणून त्याविषयी फार सांगण्याची गरज नाही. वर्षभर गावाचे काम केले, निरोप पोचविले, ओझी वाहिली, मेलेले ढोर ओढले. त्याचे वेतन म्हणजे सुगीला खळ्यावर मिळणारे धान्य. ते हक्काचे होते, ह्याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. तरीही ते मागावे लागे, लांब उभे राहून, शेतकऱ्याचा नूर पाहून. पसा भरून पडायचा की चिमूट, हे त्याच्या मर्जीवर. वेतनास दानाचा वेष चढविला की असे होते. देणाऱ्यास पुण्य लाभते, घेणाऱ्यास उपकार वाटतात, आणि हिशेब कोणीच करीत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविषयी जे विधेयक मांडले, त्याचा एक मुख्य रोख हाच होता की, हे बलुते गावकऱ्यांच्या मर्जीवर न ठेवता पैशाच्या रूपाने सरकारने वसूल करून द्यावे. ते विधेयक तेव्हा पार पडले नाही, आणि वतने जाण्यास १९५८ चा कायदा यावा लागला. तिकडे पुलमनचे हमाल आणि इकडे आपले वतनदार, दोघेही त्याच वर्षांत एकच गोष्ट मागत होते, आणि बहुधा दोघांनाही एकमेकांची वार्ता नव्हती.

तेव्हा मी जेव्हा "द्यावेच लागतात ते बक्षीस कसले?" असे म्हणालो, तेव्हा माझा तर्क चुकला नव्हता. ते बक्षीस नव्हतेच. चुकला तो त्यापुढचा निष्कर्ष. बक्षीस नाही म्हणून कमी द्यावे, असे मी ठरविले. ते बक्षीस नव्हते म्हणूनच कमी करण्याचा मला अधिकार नव्हता.

येथे एक आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे. आमच्या मंडळीतील एका तरुण अभियंत्याने तो मला ऐकविला. तो म्हणाला, "काका, तुम्ही टिप देत राहता म्हणून कंपन्या पगार देत नाहीत. सर्वांनी बंद केली तर त्यांना द्यावाच लागेल." ह्यात सत्याचा अंश आहे. ही पद्धत अन्यायाची आहे आणि आपले सहा डॉलर तिला टेकू देतात, हे नाकारता येत नाही. परंतु टिप नाकारल्याचा फटका कोणास बसतो ते पाहावे. कंपनीस आपले शुल्क पुरते मिळते. उपाहारगृहास त्याची किंमत मिळते. आपल्यास जेवण मिळते. निषेधाचा सर्व खर्च फक्त एका माणसाकडून वसूल होतो, आणि तो नेमका तोच, ज्याच्या बाजूने आपण बोलत आहो. असा निषेध फार स्वस्त पडतो, हीच त्यातली शंकेची जागा आहे. ज्याला ही पद्धत खरोखर मान्य नसेल त्याने जेवण मागवू नये. स्वतः जाऊन आणावे, किंवा घरी पिठलेभात करावा. तेथील नागरिक असलेल्या आपल्या मुलांनी मतपेटीतून बोलावे. न्यूयॉर्क शहराने तसे केले आहे. तेथे २०२३ च्या अखेरीपासून अशा चालकांना ताशी किमान १७ डॉलर ९६ सेंट देणे कंपन्यांवर बंधनकारक झाले, आणि २०२५ च्या एप्रिलपासून तो दर २१ डॉलर ४४ सेंट झाला. कंपन्यांनी त्यावर काय केले? टिपेचा रकाना जेवण पोचल्यानंतर दिसेल असा हलविला, आणि टिपा घटल्या. तरीही मला वाटते, एकूण दिशा योग्य आहे. वेतन वेतनाच्या जागी गेले की टिप पुन्हा टिप होऊ शकते.

दुसरा आक्षेप असा की, काम चांगले केले तर द्यावे, नाहीतर का द्यावे? हा आपल्या वडीलधाऱ्यांचा आवडता आक्षेप, आणि माझाही होता. पण कॉर्नेल विद्यापीठातील मायकल लिन ह्यांनी टिपांचा अभ्यास करण्यात अनेक वर्षे घालविली, आणि सेवेचा दर्जा व टिपेची रक्कम ह्यांचा संबंध अगदी क्षीण आहे असे त्यांना आढळले. त्यांच्या एका अभ्यासात तर कृष्णवर्णीय वाढप्यांना, तितकेच चांगले काम करूनही, गोऱ्यांपेक्षा कमी टिप मिळते असे दिसले. आपण समजतो की आपण कामाची पारख करतो. आपण पारख करतो ती तोंडाची, रंगाची, आपल्या त्या दिवशीच्या मनःस्थितीची. त्या बाईने माझ्या दाराशी येऊन क्षमा मागितली. उशीर तिने केला नव्हता. मी केला होता.

मोशेच्या नियमशास्त्रात, अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात, मोलकऱ्याविषयी जी आज्ञा आहे तिच्यात एक बारकावा आहे व तो सहज नजरेतून सुटतो. मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्यापूर्वी द्यावयाची, कारण त्याचे मन तिच्याकडे लागलेले असते. तो मजूर आपल्या बांधवांपैकी असो वा परदेशी उपरा असो. तेथे मजुराच्या कामसूपणाविषयी अथवा हसतमुखपणाविषयी एक अक्षर नाही. द्राक्षमळ्याच्या दाखल्यातही धन्याने प्रथम ठरलेली मजुरी पुरती चुकविली, आणि त्याचे औदार्य त्यापुढे सुरू झाले. औदार्य मजुरीच्या वर आहे, मजुरीच्या जागी नाही. आणि मजुरी त्याने स्वतः दिली. 'द्राक्षे विकत घ्यायला येणाऱ्यांकडून मागून घ्या' असे काही त्याने मजुरांना सांगितले नाही!

आता थोडे कटू बोलतो. अमेरिकेतील वाढप्यांमध्ये असे बोलले जाते की, रविवारी दुपारी चर्चमधून जेवायला येणारी मंडळी सर्वांत चिकट. हे कितपत खरे हे मोजण्याचे साधन माझ्याजवळ नाही, पण असा लौकिक व्हावा हेच पुरेसे वाईट आहे. २०१३ च्या जानेवारीत सेंट लुई शहरातील एका उपाहारगृहात एका धर्मसेविकेने बिलावर लावलेली अठरा टक्के टिप खोडली आणि बाजूला लिहिले की, मी देवाला दहा टक्के देते, तर तुम्हांला अठरा का? त्या बिलाचे छायाचित्र देशभर पसरले. तिने पुढे क्षमा मागितली, परंतु ते छायाचित्र प्रसिद्ध करणाऱ्या वाढपिणीची नोकरी गेली. त्या बाईंचे गणित ऐकून हसू येते, पण आपल्यातील किती जण मनातून तेच गणित करतात! दशमांश हे अर्पण आहे. बिलावरील अठरा टक्के हे ऋण आहे. एकाने दुसरे फिटत नाही. आणखी एक प्रकार तिकडे आढळतो. घडी घातलेल्या वीस डॉलरच्या नोटेसारखी दिसणारी छापील सुवार्ता-पत्रिका असते. ती टेबलावर ठेवून लोक निघून जातात. दिवसभर पायांवर उभा असलेला माणूस ती आनंदाने उचलतो, उलगडतो, आणि आत काय आहे ते पाहतो. त्या क्षणी त्याच्या मनात आपल्या प्रभूविषयी काय येत असेल? पत्रिका वाटू नये असे माझे म्हणणे नाही. पत्रिकेला नोटेचा वेष कशाला हवा?

देण्यातही एक पाप आहे, ते येथेच नोंदवितो. २०२० साली महामारीच्या दिवसांत किराणा पोचविणाऱ्या चालकांकडून एक तक्रार पुढे आली. काही ग्राहक भरघोस टिप लिहीत, म्हणजे आपले सामान आधी यावे, आणि सामान हाती पडल्यावर ती टिप काढून टाकीत. ॲपमध्ये तशी सोय होती. नियमात बसणारी चोरी ती हीच. माझा एक डॉलर त्याहून बरा होता असे स्वतःचे समाधान करून पाहिले. फारसे जमले नाही.

परंतु सर्व जग म्हणजे अमेरिका नव्हे, आणि अमेरिकेचा धडा सर्वत्र लावणे हीही एक चूक ठरेल. जपानात टिप देण्याची रीत नाही. दाराशी आलेल्याच्या हाती नाणी ठेवली तर तो गोंधळतो, सुटे पैसे विसरलात असे समजून परत करू पाहतो. तेथे नम्रपणे मान लववून आभार मानणे हेच योग्य. ऑस्ट्रेलियात टिपेची अपेक्षा सहसा नसते. जर्मनीत रक्कम वरच्या आकड्यापर्यंत पुरी करून एक-दोन युरो देतात. इंग्लंडात १ ऑक्टोबर २०२४ पासून असा कायदा आहे की, नोकरांना मिळालेल्या टिपा मालकाने पुरत्या त्यांनाच द्याव्यात. पण सायकल वा मोटारसायकलवरून जेवण आणणारी मुले बहुधा नोकर मानली जात नाहीत, त्यामुळे त्यांना त्या कायद्याचा उपयोग नाही. तेथे एक-दोन पौंड दिल्यास आनंदाने घेतात, न दिल्यास कोणी अपमान मानीत नाही. दुबईत दाराशी येणारा तरुण पुष्कळदा आपल्याच उपखंडातला निघतो, आणि उन्हाळ्यात तो कोणत्या उष्म्यातून मोटारसायकल हाकीत आला आहे हे आपल्यास सांगावे लागू नये. तेथेही सक्ती नाही. पण थंड पाण्याची बाटली आणि पाच-दहा दिरहम देऊन कोणी दरिद्री झाल्याचे ऐकिवात नाही.

प्रत्येक ठिकाणी विचारायचा प्रश्न मात्र एकच. ह्या देशात ह्या माणसाची मजुरी कोण देतो? दुसरा देत असेल तर आपले देणे खुशीचे, देऊ अथवा न देऊ. आपणच देत असू तर ते देणे आहे, आणि त्याला खुशी-नाखुशीशी कर्तव्य नाही.

त्या भगिनींना मी आता पत्राने उत्तर पाठविले आहे, ते असे. अमेरिकेत बिलाच्या पंधरा ते वीस टक्के, पण बिल लहान असले तरी चार-पाच डॉलरच्या खाली जाऊ नये, कारण तीस डॉलरचे जेवण आणायला लागते तेवढेच पेट्रोल बारा डॉलरचे आणायलाही लागते. अंतर लांब असेल, पाऊस किंवा बर्फ असेल, वरच्या मजल्यावर चढून यायचे असेल, तर अधिक. शक्य असल्यास मुलाकडून थोड्या सुट्या नोटा मागून घेऊन दाराजवळ ठेवाव्यात. हिशेब डॉलरमध्येच करावा, रुपयांत करू नये. रुपयांत केला की तेथला दूध-पावही घशाखाली उतरत नाही, मग दुसऱ्याची मजुरी कशी उतरेल! जेवणाचा खर्च परवडतो का हे पाहताना टिप धरूनच पाहावे, आणि तेवढे होत नसेल तर त्या दिवशी खिचडी टाकावी. घराचा क्रमांक रस्त्यावरून दिसतो की नाही ते पाहावे. संध्याकाळी बाहेरचा दिवा लावून ठेवावा. आणि बर्फ पडले असेल तर जेवण मागविण्यापूर्वी मुलाला पायऱ्या झाडून घ्यायला सांगावे.